लासान्याच्या डब्यात घोडा आला कुठून?

प्रकरण अभ्यास: युरोपातला २०१३ चा घोडामांस घोटाळा

आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १५ जानेवारी २०१३ रोजी एका पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. कोणी आजारी पडलं म्हणून ही पाहणी झाली नव्हती. लेबलवर लिहिलंय तेच पाकिटात आहे का, एवढंच तपासायचं होतं. दुकानांतून विकत आणलेल्या २७ प्रकारच्या बीफबर्गरची डीएनए चाचणी झाली. त्यांतल्या १० मध्ये घोड्याचा अंश सापडला आणि २३ मध्ये डुकराचा. दहापैकी नऊ बर्गरमध्ये घोड्याचं प्रमाण अगदी किरकोळ होतं. दहावा बर्गर मात्र टेस्को या सुपरमार्केटच्या सर्वांत स्वस्त श्रेणीतला होता आणि त्यात बीफच्या तुलनेत २९ टक्के मांस घोड्याचं होतं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या दुकानांतून सुमारे एक कोटी बर्गर काढून घ्यावे लागले.

तीन आठवड्यांनी त्याहून मोठा धक्का बसला. फिंडस या कंपनीच्या गोठवलेल्या बीफ लासान्याचे १८ नमुने तपासले गेले होते. पास्त्याच्या थरांमध्ये खिमा आणि सॉस भरलेला हा तयार पदार्थ, घरी आणून फक्त गरम करायचा. अठरापैकी ११ नमुन्यांत मांसाचा ६० ते १०० टक्के भाग घोड्याचा निघाला. म्हणजे काही डब्यांत बीफ नव्हतंच. ७ फेब्रुवारीला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने हे जाहीर केलं आणि प्रकरण आयर्लंड-ब्रिटनपुरतं राहिलं नाही.

आपलं अन्न कुठून येतं याच्याशी नातं पुन्हा जोडायला हवं, असं आपण वारंवार ऐकतो. त्यावर बोलताना बहुतेकदा शेतावरच्या सहलींची, परसबागेची, आठवडी बाजाराची उदाहरणं दिली जातात. ती चांगलीच आहेत. पण हे नातं नेमकं कुठे तुटतं ते समजून घ्यायचं असेल, तर ते जिथे पूर्ण तुटलं होतं अशी एक जागा बारकाईने पाहायला हवी. लासान्याचा हा डबा तशी जागा आहे. त्याची चौकशी सरकारांनी केली, न्यायालयाने केली, आणि मांस कोणत्या हातांतून गेलं हे बऱ्याच अंशी नोंदलेलं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. घोड्याचं मांस खावं की नाही, हा इथला प्रश्न नाही. फ्रान्स, बेल्जियम, इटली या देशांत ते कायदेशीरपणे आणि त्याच नावाने विकलं जातं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बहुतेक लोकांना ते खाण्याची कल्पनाही सहन होत नाही. खाणाऱ्याने काय खायचं ते त्याने ठरवायचं असतं, आणि इथे तो निर्णय त्याच्याकडून काढून घेतला गेला.

मांसाचा प्रवास

फिंडसने लासान्या स्वतः बनवला नव्हता. काम दिलं होतं कोमिजेल या फ्रेंच कंपनीला, जिचं मुख्यालय मेस शहरात. कोमिजेलने ते सोपवलं लक्झेंबर्गमधल्या तावोला या आपल्याच कारखान्याकडे. तावोलाला लागणारं मांस स्पांगेरो या कंपनीकडून यायचं. ती दक्षिण फ्रान्समधल्या कास्तेलनोदारी गावची. स्पांगेरोने मागणी नोंदवली सायप्रसमध्ये नोंदणी असलेल्या एका व्यापारी कंपनीकडे. फ्रेंच सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे त्या व्यापाऱ्याने पुढे नेदरलँड्समधल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला गाठलं, आणि मांस आलं रोमानियातल्या कत्तलखान्यांमधून. मधल्या काळात ते नेदरलँड्सच्या ब्रेडा शहरात एका शीतगृहात ठेवलेलं होतं.

मागणी एका दिशेने गेली: ब्रिटन किंवा स्वीडनमधलं दुकान, फिंडस, मेस, लक्झेंबर्ग, कास्तेलनोदारी, सायप्रस, नेदरलँड्स, रोमानिया. मांस उलट्या दिशेने आलं, पण तितक्या ठिकाणी थांबलं नाही. सायप्रसच्या कंपनीच्या हातात होते ते सौद्याचे कागद, माल शीतगृहात होता. ही साखळी समजून घेताना मला सर्वांत महत्त्वाचं हे वाटलं. मांसाची मालकी ज्यांच्याकडे एकामागून एक येत गेली, त्यांतल्या काहींनी ते बघण्याचं कारणच नव्हतं. बघितलं नाही तरी त्यांचा व्यवहार पूर्ण होत होता.

रोमानियावर पहिल्या काही दिवसांत बराच संशय घेतला गेला. तिथले पंतप्रधान व्हिक्टर पोंता यांनी तो जाहीरपणे फेटाळला आणि ते बरोबर ठरलं. कत्तलखान्यातून निघालेलं मांस घोड्याचं म्हणूनच निघालं होतं, तशीच त्याची नोंद होती. मांस रोमानियात खरं होतं आणि लक्झेंबर्गला पोहोचेपर्यंत खोटं झालं होतं. नाव बदललं ते मधल्या प्रवासात.

फ्रान्सच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या तपासाचे निष्कर्ष १४ फेब्रुवारीला जाहीर झाले. त्यानुसार सहा महिन्यांत सुमारे ७५० टन घोडामांस बीफ म्हणून पुढे गेलं होतं. त्यातले ५०० टन कोमिजेलच्या कारखान्यात पोहोचले, त्यापासून ४५ लाख खाद्यपदार्थ तयार झाले आणि ते १३ देशांतल्या २८ कंपन्यांना विकले गेले. स्पांगेरोने आपण स्वतः फसलो असल्याचं सांगितलं. प्रकरण पॅरिसच्या न्यायालयात गेलं. एप्रिल २०१९ मध्ये निकाल लागला आणि सायप्रसमधल्या त्या व्यापारी कंपनीमागचा डच व्यापारी आणि स्पांगेरोचा माजी संचालक असे दोघेही दोषी ठरले. व्यापाऱ्याला दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. माजी संचालकालाही दोन वर्षांचीच शिक्षा झाली, पण तिचा बराचसा भाग स्थगित ठेवला गेला.

स्पांगेरोबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. १९७० मध्ये ही कंपनी काढली होती त्याच भागातल्या रग्बीपटू भावांनी, आणि कंपनीला नाव त्यांच्या घराण्याचं होतं. २००९ मध्ये ती बास्क प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या एका सहकारी संस्थेने विकत घेतली. गावातला कारखाना, घराण्याचं नाव, शेतकऱ्यांची मालकी. अन्नाचा उगम विश्वासाचा आहे हे ओळखण्यासाठी आपण ज्या खुणा शोधतो, त्या सगळ्या इथे होत्या. संचालकाच्या कृत्याची झळ बसली ती कारखान्यातल्या सुमारे ३०० कामगारांना. त्यांच्यातल्या बहुतेकांचा या सौद्यांशी काहीही संबंध नव्हता.

कागदावर काय लिहिलं होतं

आता मला या प्रकरणातला गाभा वाटतो त्या मुद्द्याकडे येतो. युरोपीय संघात २००५ पासून एक नियम लागू आहे. अन्नव्यवसायातल्या प्रत्येकाला आपण माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला हे सांगता आलं पाहिजे. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे. २००२ च्या सर्वसाधारण अन्न कायद्यातलं हे अठरावं कलम. त्यामागे वेड्या गाईच्या रोगाचा अनुभव होता. १९९६ मध्ये तो रोग माणसांपर्यंत पोहोचत असल्याचं मान्य करावं लागलं, तेव्हा कोणतं मांस कुठे गेलं हे शोधणं फार अवघड झालं होतं.

२०१३ मध्ये हा नियम उपयोगी पडला, हे मान्यच करायला हवं. प्रश्न विचारल्यावर आठवड्याभरात पाच-सहा देशांतली साखळी उलगडली. कागद होते. पण घोडामांस त्याआधी कित्येक महिने त्याच कागदांसोबत फिरत होतं. एखाद्या मालाचा माग काढता येणं आणि तो कुठून आलाय हे कोणाला तरी माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माग नंतर काढला जातो. माहीत असावं लागतं ते माल हातात येतो तेव्हा.

आणि कागद मुके नव्हते. जागतिक व्यापारात प्रत्येक मालाला सीमाशुल्काचा संकेतांक असतो. घोड्याच्या मांसाचा संकेतांक ०२०५ ने सुरू होतो, गोठवलेल्या बीफचा ०२०२ ने. फ्रेंच तपासयंत्रणेच्या म्हणण्यानुसार स्पांगेरोकडे आलेल्या बिलांवर घोडामांसाचा संकेतांक होता, आणि भाव बीफच्या बाजारभावापेक्षा इतका कमी होता की शंका यायलाच हवी होती. कोमिजेलवरही या यंत्रणेने ठपका ठेवला. मांस वितळल्यावर त्याचा रंग आणि वास वेगळा होता, ते कारखान्यात लक्षात यायला हवं होतं.

रंग आणि वास या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. घोड्याचं मांस बीफपेक्षा गडद असतं, चव किंचित गोडसर असते. रोज मांस हाताळणाऱ्या माणसाला हा फरक सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पण गोठवलेले, आधीच तुकडे केलेले ठोकळे यंत्रात घालणाऱ्याचं काम मांस ओळखणं हे नसतं, ठरलेल्या वेगाने यंत्र चालू ठेवणं हे असतं. त्याला कदाचित वेगळं काही जाणवलंही असेल. ते कोणाला सांगायचं, आणि सांगितलं तर कोण ऐकणार, याची व्यवस्था त्या साखळीत होती असं दिसत नाही. अन्नाशी तुटलेल्या नात्याबद्दल बोलताना आपण शहरातल्या खाणाऱ्याकडे बोट दाखवतो. इथे ते मांस ज्यांच्या हातांतून रोज जात होतं, त्या कारखान्यातच नातं तुटलेलं होतं.

आरोग्याच्या प्रश्नाचंही सांगायला हवं, कारण तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. घोड्यांना वेदनाशामक म्हणून फेनिलब्युटाझोन हे औषध देतात. ते दिलेला घोडा माणसाच्या अन्नात येता कामा नये, असा नियम आहे. ब्रिटनमध्ये कापलेल्या २०६ घोड्यांची तपासणी झाली, त्यांतल्या ८ मध्ये औषधाचा अंश सापडला. माणसाला उपचारात दिल्या जाणाऱ्या मात्रेइतकं औषध पोटात जायला दिवसाला पाच-सहाशे निव्वळ घोडामांसाचे बर्गर खावे लागतील, असं इंग्लंडच्या तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी सांगितलं. धोका नगण्य होता. पण तो नगण्य निघाला हे नशीब. ज्यांनी लेबल बदललं, त्यांनी ते औषधाची चाचणी करून बदललं नव्हतं.

तुटलेलं टोक

कायद्यात एक भगदाड होतं आणि ते लक्षात घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. वेड्या गाईच्या रोगानंतर ताज्या बीफसाठी युरोपात कडक नियम आले. २००२ पासून दुकानातल्या ताज्या बीफच्या लेबलवर जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं आणि कुठे कापलं गेलं हे लिहावं लागतं. जनावराच्या कानात बिल्ला आणि त्याच्या नावाचं पारपत्र. पण तेच मांस सॉसमध्ये शिजवून पास्त्याच्या थरांत घातलं की ही सक्ती संपते. सर्वांत जास्त हातांतून जाणाऱ्या, सर्वांत कमी ओळखू येणाऱ्या मांसाबद्दल खाणाऱ्याला सर्वांत कमी सांगितलं जात होतं.

याचा भार कोणावर पडला हेही पाहा. २९ टक्के घोडामांस निघालं ते सर्वांत स्वस्त श्रेणीतल्या बर्गरमध्ये. तयार लासान्या घेणारी माणसं म्हणजे बहुतेक कामावरून थकून येणारी, एकटी राहणारी, मोजक्या पैशांत घर चालवणारी. त्या काळात काहींनी लिहिलं की इतकं स्वस्त अन्न घेणाऱ्यांनी आणखी काय अपेक्षा ठेवावी. हे मला अन्यायाचं वाटतं. स्वस्त वस्तू कमी प्रतीची असू शकते, हे ग्राहक समजून घेतो. ती वेगळीच वस्तू असेल, हे त्याने गृहीत धरायचं नसतं. अन्नाचा उगम माहीत असणं ही ज्याला परवडते त्याची चैन होऊन बसली, तर हे नातं जोडण्याच्या सगळ्या गप्पा सुखवस्तू घरांपुरत्या राहतील.

लोकांनी आपला राग खरेदीतून दाखवला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच्या चार आठवड्यांत ब्रिटनमध्ये गोठवलेल्या बर्गरचा खप ४३ टक्क्यांनी घसरला. पुष्कळ जण पुन्हा गल्लीतल्या खाटकाकडे वळले. पण एप्रिलमध्ये युरोपीय आयोगाने सत्तावीस देशांच्या सरकारी यंत्रणांनी केलेल्या चाचण्यांचे आकडे जाहीर केले, तेव्हा दिसलं की हा एका डब्याचा प्रश्न नव्हता. घोड्याच्या डीएनएसाठी तपासलेल्या ४,१४४ नमुन्यांपैकी १९३ मध्ये तो सापडला, म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त.

नंतर काय झालं

टेस्कोचे तत्कालीन प्रमुख फिलिप क्लार्क यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस शेतकऱ्यांसमोर जाहीर केलं की कंपनी यापुढे मांस अधिक जवळून घेईल. हेतू योग्य होता. पण जवळचं म्हणजे ओळखीचं, हे समीकरण याच प्रकरणात टिकत नाही. २९ टक्केवाला बर्गर आयर्लंडमध्येच बनला होता, मोनाहन परगण्यातल्या सिल्व्हरक्रेस्ट कारखान्यात. तिथे मान्य यादीबाहेरच्या पुरवठादारांचा कच्चा माल वापरला गेला, म्हणून टेस्कोने त्यांच्याशी व्यवहार थांबवला. कारखाना जवळ होता, पण त्यातलं मांस कुठलं आहे हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

मला जास्त मोलाचं वाटतं ते ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्राध्यापक ख्रिस एलियट यांचं काम. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले हे अन्नसुरक्षा शास्त्रज्ञ. त्यांचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०१४ मध्ये आला. कारखान्यांची ऑडिट भरपूर होत होती, पण ती आधी सांगून होत होती आणि त्यांचा भर स्वच्छतेवर, तापमानावर, नोंदवह्यांवर असायचा. कोणी फसवत असेल या दृष्टीने पाहिलंच जात नव्हतं. एलियट यांनी न सांगता केलेल्या तपासण्या सुचवल्या, आणि शीतगृहं, वाहतूकदार, दलाल यांनाही त्या कक्षेत आणायला सांगितलं. ब्रेडातलं शीतगृह आठवलं की ही सूचना किती नेमकी होती ते कळतं. आतून माहिती देणाऱ्या कामगाराला संरक्षण आणि ऐकणारं कोणीतरी हवं, यावरही चर्चा झाली. अहवालातूनच ब्रिटनचा अन्नगुन्हे विभाग उभा राहिला. त्याआधी, २०१० मध्ये, इंग्लंडमधली लेबल आणि घटकांची जबाबदारी अन्न मानक संस्थेकडून काढून दुसऱ्या खात्याकडे दिली गेली होती. घोटाळा उघड झाला तेव्हा कोणी काय पाहायचं याबद्दल गोंधळ होता.

लेबलच्या बाबतीत प्रगती अर्धवट झाली. एप्रिल २०१५ पासून डुक्कर, मेंढी, बकरी आणि कोंबडीच्या ताज्या मांसावरही ते कुठे वाढवलं आणि कापलं ते लिहिणं युरोपात सक्तीचं झालं. तयार पदार्थांतलं मांस मात्र तसंच राहिलं. फ्रान्सने पुढाकार घेतला. १ जानेवारी २०१७ पासून तिथे प्रयोग म्हणून तयार पदार्थांतल्या मांसाचा आणि दुधाचा देश लिहिण्याची सक्ती झाली. २०२० मध्ये आणखी एक युरोपीय नियम आला. पदार्थावर उगमाचा उल्लेख असेल आणि मुख्य घटक दुसरीकडचा असेल, तर ते सांगावं लागतं. उल्लेखच नसेल तर हे बंधनही नाही.

मग एका मोठ्या दुग्धकंपनीने फ्रान्सच्या नियमाला आव्हान दिलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की ग्राहकांना उगम महत्त्वाचा वाटतो, एवढ्यावर एखाद्या देशाला अशी सक्ती करता येणार नाही. पदार्थाचे गुण आणि त्याचा उगम यांच्यात सिद्ध करता येईल असा संबंध हवा. त्या आधारावर फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दुधाच्या उगमाची सक्ती रद्द केली.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल कसा बसतो ते मला समजतं, पण तो पटत नाही. लासान्या खाणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना चवीत फरक जाणवला नाही. गुणांच्या कसोटीवर त्यांची तक्रार उभी राहिली नसती, आणि तरीही त्यांच्यावर अन्याय झाला होता हे पॅरिसच्या न्यायालयाने मान्य केलं. उगम कळावा ही मागणी चवीतल्या फरकावर उभी नाही. आपल्या पोटात जाणारा प्राणी कोणता आणि तो कोणत्या हातांतून आला, हे विचारण्याचा अधिकार खाणाऱ्याला आहे, एवढाच तिचा आधार आहे.

कायद्याचा रस्ता अडलेला असताना मला एक जागा मोकळी दिसते, ती म्हणजे घाऊक खरेदी. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या शाळांच्या जेवणातही घोडामांस सापडलं होतं. शाळा, रुग्णालयं, वसतिगृहं, कारखान्यांची उपाहारगृहं दररोज हजारो ताटं वाढतात आणि ती लेखी करारावर वाढतात. अमुक देशाचाच माल हवा अशी अट सार्वजनिक खरेदीत अडचणीची ठरू शकते, पण माहितीची अट घालता येते: प्रत्येक तयार पदार्थातल्या मुख्य घटकाचा देश, तो कापला किंवा पिकवला गेला ती जागा, मधल्या प्रत्येक मालकाचं आणि गोदामाचं नाव, आणि वर्षातून काही वेळा न सांगता होणारी डीएनए चाचणी, तिचा खर्च पुरवठादाराचा. ही माहिती ताट घेणाऱ्याला दिसेल अशी भिंतीवर लावता येते. लासान्याच्या साखळीत हे सहा-सात नावांत मावलं असतं.